एका सर्व्हिसवर कारकिर्दीचा निकाल लावू नका

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. माझी मुलगी १६ वर्षांची आहे, अकरावी विज्ञान शाखेत शिकते आणि लहानपणापासून टेनिस खेळते. राज्य पातळीवरच्या वयोगटाच्या स्पर्धांत तिने उपांत्य फेरी गाठली आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा दुखावला. दुखणे कमी झाले, पण सर्व्हिस पूर्वीसारखी राहिली नाही. मागच्या स्पर्धेत एकाच सामन्यात तिचे इतके डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण समोरच्या खेळाडूला जाणे) झाले की ती रडतच बाहेर आली. तिच्या वडिलांनी तिला एलेना डेमेंटिएव्हा या रशियन खेळाडूचा २००४ चा फ्रेंच ओपनचा अंतिम सामना दाखवला आणि म्हणाले, ‘सर्व्हिस नव्हती म्हणून इतकी गुणी खेळाडूसुद्धा एकही ग्रँड स्लॅम जिंकू शकली नाही, मग आपण कशाच्या आशेवर थांबायचे?’ तेव्हापासून ती कोर्टावर जात नाही, पण रॅकेटलाही कोणाला हात लावू देत नाही. सासरे म्हणतात, बारावी तोंडावर आली आहे, आता हे पुरे करा. प्रत्येक स्पर्धेला मी तिच्याबरोबर जाते, त्याचेही दडपण तिच्यावर येत असेल का, अशी शंका मला येते. तिला थांबवावे की खेळू द्यावे? पुढच्या महिन्यातल्या एका स्पर्धेत एकेरी आणि दुहेरी या दोन्हींसाठी तिचे नाव दिलेले आहे. – एक आई

उत्तर : प्रिय ताई,

तुमच्या पतींनी दाखवलेला सामना खरा आहे आणि त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्षही पूर्णपणे चुकीचा नाही, म्हणून आधी त्याविषयीच बोलू. ५ जून २००४ रोजी पॅरिसमध्ये अनास्तासिया मिस्किनाने डेमेंटिएव्हाला ६-१, ६-२ असे हरवले. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादीच्या, महिला एकेरीच्या अंतिम फेरीत दोन रशियन खेळाडू समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ होती आणि त्या दिवशी मिस्किना ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी पहिली रशियन महिला ठरली. डेमेंटिएव्हा तेव्हा २२ वर्षांची होती. साऱ्या सामन्यात तिला अवघे तीन गेम मिळाले, आणि चेंडू वर फेकतानाच तिचा हात बिचकत होता, हे प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेतूनही दिसावे इतके उघड होते. मुलीला खोट्या आशेवर ठेवू नये, या काळजीपोटीच वडिलांनी तिला हा सामना दाखवला असणार, याबद्दल मला शंका नाही. तरीही, एका दीर्घ कारकिर्दीतली सर्वांत कठीण दुपार तेवढी वेगळी काढून, त्याच दुखण्याने ग्रासलेल्या १६ वर्षांच्या मुलीपुढे ठेवणे म्हणजे तिला अर्धीच गोष्ट सांगणे होय. उरलेली अर्धी मी येथे सांगते, कारण तुमच्या जवळजवळ सर्व प्रश्नांची उत्तरे त्या अर्ध्यात आहेत.

डेमेंटिएव्हाचा जन्म १५ ऑक्टोबर १९८१ चा, मॉस्कोतला. वडील विद्युत अभियंता, आई शिक्षिका. सातव्या वर्षी आईवडील तिला टेनिससाठी घेऊन निघाले, तेव्हा डायनामो आणि लष्कराचा मध्यवर्ती क्लब या मॉस्कोतल्या दोन नामवंत संस्थांनी तिला प्रवेश दिला नाही. स्पार्टाक क्लबने तिला घेतले आणि तेथे तिला राउझा इस्लानोव्हा या प्रशिक्षक लाभल्या. मराट साफिन आणि दिनारा साफिना या टेनिसपटू भावंडांच्या त्या आई. पॅरिसला जिच्याकडून ती हरली ती मिस्किनाही लहानपणी स्पार्टाकच्याच कोर्टांवर शिकलेली. १९८८ मध्ये टेनिस हा खेळ ऑलिंपिकमध्ये परतला होता, त्यामुळे सोव्हिएत क्रीडाव्यवस्थेचे लक्ष नव्याने त्याच्याकडे वळले होते आणि या मुलींची सारी पिढी त्या वातावरणात वाढली. ऑलिंपिकचा हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

१९९९ च्या फेडरेशन कप या देशोदेशींच्या महिला संघांच्या स्पर्धेतल्या अंतिम लढतीत, जिथे प्रत्येक सामन्याचा एक गुण असतो, रशिया अमेरिकेकडून ४-१ असा हरला. रशियाला मिळालेला तो एकमेव गुण व्हीनस विल्यम्सला हरवून १७ वर्षांच्या डेमेंटिएव्हाने मिळवलेला होता. पुढच्याच वर्षी तिने अमेरिकन ओपनची उपांत्य फेरी गाठली आणि सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत व्हीनसकडून हरून रौप्यपदक मिळवले. तिची सर्व्हिस ढासळली ती यानंतर, खांद्याच्या दुखापतीपासून. हात डोक्यावर पूर्ण ताणून चेंडू मारण्याऐवजी ती तो बाजूने कापल्यासारखा मारू लागली. तशी सर्व्हिस संथ येते, कोर्टाबाहेरच्या दिशेला वळते, आणि समोरची खेळाडू निर्धास्तपणे दोन पावले पुढे येऊन तिच्यावर तुटून पडते. त्यातून दुसऱ्या सर्व्हिसची धास्ती बसते आणि धास्तीतून डबल फॉल्ट होतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच घडले असावे, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

येथे मला एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते, कारण ती पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. १९९९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून २०१० च्या फ्रेंच ओपनपर्यंत डेमेंटिएव्हाने ओळीने ४६ ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळल्या, मध्ये एकही सोडली नाही. खांदा दुखावलेल्या काळातल्या स्पर्धाही त्यांत आल्या. या चिकाटीचे कौतुक सर्वांनी केले आणि मलाही ते आहे. पण माझा तर्क असा की, दुखऱ्या खांद्याला सांभाळत सामने खेळताना जी सर्व्हिस तिने केवळ वेळ निभावून नेण्यासाठी पत्करली, तीच पुढे हाताच्या अंगवळणी पडली आणि ती मोडायला तिला कित्येक वर्षे लागली. व्यावसायिक खेळाडूपुढे क्रमवारीचा आणि उत्पन्नाचा प्रश्न असतो, तिला थांबणे परवडत नाही. तुमच्या मुलीला ते परवडते. ती १६ वर्षांची आहे आणि चार-सहा महिने सामने न खेळल्याने तिचे काहीही कायमचे बुडणार नाही.

म्हणून ‘खेळावे की सोडावे’ या प्रश्नाच्या आधी खांद्याचा प्रश्न येतो. दुखणे थांबले म्हणजे खांदा बरा झाला, असे गृहीत धरू नका. या वयात खांद्याजवळच्या हाडाची वाढ पूर्ण झालेलीच असते असे नाही, आणि वाढत्या हाडावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाचा विचार खेळाडूंच्या दुखापतींचा अनुभव असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञानेच करायला हवा. त्यांच्या सल्ल्याने फिजिओथेरपिस्टकडे खांद्याच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा. सर्व्हिसकडे परतायचे ते पायरीपायरीने, म्हणजे आधी चेंडूशिवाय केवळ हालचाल, मग अर्ध्या जोराने मोजक्या सर्व्हिस, आणि दुसऱ्या दिवशी खांदा कुरकुरला नाही तरच पुढची पायरी. सर्व्हिसचा जोर पायांपासून सुरू होऊन कंबर आणि धड यांच्यामार्फत खांद्याकडे येतो. दुखणे गेल्यावरही शरीर खांद्याला जपत राहते, कोपर खाली राहते, चेंडू फेकण्याची जागा सरकते, आणि मुलीला वाटते की आपले मनच कच्चे आहे. दुखापतीपूर्वीच्या तिच्या खेळाचे चित्रण तुमच्या फोनमध्ये असेलच. आताची सर्व्हिस बाजूने आणि पाठीमागून चित्रित करून प्रशिक्षकांना दोन्ही शेजारी ठेवून पाहायला सांगा. जे मनाचे दुखणे वाटते, त्याचा बराचसा भाग तेथे कोपरात आणि पायांत सापडेल असा माझा अंदाज आहे.

या बाबतीत दिनारा साफिनाचे उदाहरण वडिलांना अवश्य सांगा. डेमेंटिएव्हापेक्षा साडेचार वर्षांनी लहान असलेली ही खेळाडू एप्रिल २००९ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली, म्हणजे डेमेंटिएव्हा जेथे कधी गेली नाही तेथे. त्याच वर्षीच्या फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत ती स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हाकडून हरली आणि तिच्या पराभवाचा शेवटचा गुण डबल फॉल्टवर गेला. पण तिची कारकीर्द त्या डबल फॉल्टने संपली नाही, ती पाठीच्या दुखापतीने संपली. २०११ नंतर ती व्यावसायिक सामना खेळू शकली नाही, तेव्हा ती २५ वर्षांचीच होती. सर्व्हिस पुन्हा बांधता येते, शरीराच्या बाबतीत तशी खात्री नसते.

आता पॅरिसनंतरच्या गोष्टीकडे येऊ. त्या पराभवानंतर तीनच महिन्यांनी, तीच सर्व्हिस घेऊन, डेमेंटिएव्हा अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली. तेथेही ती कुझ्नेत्सोव्हाकडून ६-३, ७-५ अशी हरली. एका वर्षात दोन अंतिम फेऱ्या गमावण्याचे दुःख लहान नसते आणि ते लहान आहे असे मी तुमच्या मुलीला सांगणार नाही. पण इतकी दुबळी सर्व्हिस असलेली खेळाडू तेथवर पोहोचली कशी, हा प्रश्न तिच्या वडिलांनी स्वतःला विचारावा. ती पोहोचली ती पायांच्या जोरावर. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, दोन्ही बाजूंनी सपाट, वेगवान फटके मारत ती तासन्तास धावू शकत असे, आणि समोरच्या खेळाडूची सर्व्हिस परतवण्यात तर ती तिच्या काळातल्या उत्तमांपैकी होती. स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गमावला, तर ती पुढच्याच, समोरचीच्या सर्व्हिसच्या गेममध्ये तिला हरवून हिशोब बरोबरीत आणत असे. तुमच्या पत्रात मुलीच्या सर्व्हिसबद्दल सर्व काही आहे, पण तिचा फोरहँड कसा आहे, ती धावते कशी, सर्व्हिस परतवताना ती किती गेम जिंकते, याबद्दल एक अक्षरही नाही. दुखापतीनंतर घरातल्या सर्वांचे डोळे एकाच जागी खिळले आहेत, हे मला त्यावरून कळते. मुलीचेही डोळे तेथेच खिळले असणार. प्रशिक्षकांना तिच्या मागच्या काही सामन्यांतल्या परतीच्या गेमचा हिशोब मांडायला सांगा आणि तो तिला दाखवा.

सप्टेंबर २००५ मधली फेडरेशन कपची अंतिम लढत मात्र तुम्ही सर्वांनी मिळून बघावी, असा माझा आग्रह आहे. फ्रान्सविरुद्धची ही लढत रोलाँ गॅरोसवरच झाली, म्हणजे जेथे सव्वा वर्षापूर्वी सर्व जगासमोर तिची सर्व्हिस मोडली होती त्याच ठिकाणी, आणि या वेळी सारे प्रेक्षक विरुद्ध बाजूचे. तेथे तिने मेरी पिअर्स आणि आमेली मोरेस्मो या दोघींना एकेरीत हरवले. लढत २-२ अशी बरोबरीत आली तेव्हा निर्णायक दुहेरीसाठीही तीच उतरली, सोबतीला १९ वर्षांची साफिना. ती दुहेरीही त्यांनी तीन सेटमध्ये जिंकली. रशियाने ती लढत ३-२ अशी जिंकली आणि त्या तिन्ही गुणांत डेमेंटिएव्हाचा हात होता. जेथे पराभव झाला त्या जागेची भीती मनात घर करते, हे खरे आहे. पण संघासाठी, सोबत कोणीतरी उभे असताना, त्याच जागी वेगळे खेळता येते, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. माझ्या मते हा सामना तिच्या ऑलिंपिक सुवर्णपदकाइतकाच मोलाचा आहे, जरी त्याची आठवण फार कमी जणांना असली तरी.

आणि हो, तिला ऑलिंपिक सुवर्णपदकही मिळाले. २००८ मध्ये बीजिंगला तिने उपांत्यपूर्व फेरीत पहिला सेट गमावूनही सेरेना विल्यम्सला हरवले, उपांत्य फेरीत व्हेरा झ्वोनारेव्हाला हरवले आणि अंतिम सामन्यात साफिनाला ३-६, ७-५, ६-३ असे नमवले. झ्वोनारेव्हाने कांस्यपदक जिंकल्यामुळे तिन्ही पदके रशियाकडे गेली. डेमेंटिएव्हा तेव्हा २६ वर्षांची होती. पॅरिसच्या त्या दुपारनंतर चार वर्षे ती सर्व्हिसवर काम करत राहिली होती. सर्व्हिस तिचे अस्त्र झाली नव्हती, पण समोरच्या खेळाडूला जिच्यावर हक्काने गुण मिळावेत अशी दुखरी जागाही ती राहिली नव्हती. ऑलिंपिकमधले यश तिने ग्रँड स्लॅमपेक्षा मोठे मानले आणि ते तिने केवळ समाधान म्हणून मानले, असे मला वाटत नाही. ज्या देशात आणि ज्या व्यवस्थेत ती वाढली, तेथे ऑलिंपिकचे मोल खरोखरच तेवढे होते. ‘एकही ग्रँड स्लॅम जिंकली नाही’ हे वाक्य खरे असले, तरी तिने स्वतः जे ध्येय धरले होते त्याच्या मापाने तिची कारकीर्द अपुरी ठरत नाही.

वडिलांच्या म्हणण्यातला खरा भाग मी नाकारत नाही. सर्व्हिस चांगली असती, तर २००४ ची किमान एक तरी अंतिम फेरी तिने जिंकली असती, असे मलाही वाटते. पण २००९ ची विम्बल्डनची उपांत्य फेरी बघा. सेरेनाविरुद्ध तिच्याकडे मॅच पॉइंट होता, म्हणजे सामना जिंकायला तिला एकच गुण हवा होता. सेरेनाने नेटपाशी येऊन तो वाचवला आणि तिसरा सेट ८-६ असा जिंकला. तो सामना सुमारे पावणेतीन तास चालला आणि त्या दिवशी डेमेंटिएव्हाचा घात तिच्या सर्व्हिसने केला, असे म्हणता येणार नाही. समोर सेरेना होती आणि तिने एक गुण अधिक चांगला खेळला, एवढेच. एकेरीची १६ विजेतेपदे, दुहेरीची ६, जागतिक क्रमवारीत तिसरे स्थान आणि ऑलिंपिकची दोन पदके एवढे संचित असलेल्या खेळाडूची ओळख मुलीला अपयशाचा नमुना म्हणून झाली, याचे मला वाईट वाटते.

तुमच्या स्वतःबद्दलच्या शंकेविषयी. डेमेंटिएव्हाच्या कारकिर्दीत तिची आई जवळजवळ सतत तिच्यासोबत प्रवास करत असे आणि प्रेक्षकांत बसलेली दिसे. त्यामुळे आईच्या उपस्थितीनेच दडपण येते, असा सरसकट नियम मला मान्य नाही. दडपण येते ते आईच्या चेहऱ्यावर प्रत्येक गुणाचा निकाल वाचता येऊ लागला म्हणजे, किंवा सामन्यानंतर परतीच्या गाडीत त्याच चुकांची उजळणी सुरू झाली म्हणजे. मुलीला सरळ विचारा की तुम्ही कोठे बसलेले तिला आवडेल, आणि ती जे सांगेल ते मान्य करा. ‘तू येऊ नकोस’ असे ती म्हणाली तरी ते मनाला लावून घेऊ नका.

सासऱ्यांची काळजी रास्त आहे. बारावीचे वर्ष महत्त्वाचे आहे आणि मी त्यांच्या विरोधात उभे राहा असे सुचवणार नाही. पण अभ्यास आणि टेनिस यांपैकी एकच निवडावे लागते, हे मात्र तितकेसे खरे नाही. पुण्याची ऋतुजा भोसले अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत असताना विद्यापीठाच्या संघाकडून खेळली आणि त्यानंतर २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत हांगझोऊला रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. प्रत्येकीला तेच जमेल असे नाही आणि तो मार्ग सोपाही नाही, पण त्या मार्गावर बारावीचे गुण उपयोगीच पडतात, हे आजोबांना सांगता येईल. खांद्यासाठी सामन्यांपासून दूर राहण्याचे महिने आणि बारावीच्या तयारीचे महिने एकत्र आणता येतात, हाही या वेळेचा एक फायदा आहे.

थांबायचे की नाही, याचा निर्णय तिचाच असू द्या, पण तो तिने आज घेऊ नये. डेमेंटिएव्हाने निवृत्ती जाहीर केली ती ऑक्टोबर २०१० मध्ये दोहा येथे, वर्षअखेरच्या मोजक्या खेळाडूंच्या स्पर्धेत, २९ व्या वर्षी. जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंत असताना, स्वतः निवडलेल्या दिवशी ती कोर्टावरून उतरली. २००४ च्या त्या दुपारी तिला कोणी ‘आता पुरे’ असे सांगितले असते आणि तिने ते ऐकले असते, तर तो निर्णय तिचा नसता, त्या पराभवाचा असता. तुमची मुलगी रॅकेटला कोणाला हात लावू देत नाही, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण तिला खेळ अजून हवा आहे असाच मी त्याचा अर्थ घेते. खांदा बरा झाल्यावर, काही महिने विनासामन्यांचा सराव झाल्यावर, तिला शांतपणे विचारा. तेव्हाही ती नको म्हणाली, तर तिला खेळातून मोकळे करा आणि त्यावर कोणीही, अगदी वडिलांनीही, पुढे एक शब्द बोलू नये.

पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेच्या एकेरीतून तिचे नाव आजच मागे घ्या आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यावरून घेतले आहे असे आयोजकांना कळवा, म्हणजे तिला कोणाला उत्तर द्यावे लागणार नाही. दुहेरीचे नाव मात्र डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत तसेच राहू द्या. त्यांनी परवानगी दिली आणि तिची इच्छा असली, तर दुहेरी खेळायला हरकत नाही, कारण तेथे चारातल्या एकाच गेममध्ये सर्व्हिस तिच्या वाट्याला येईल आणि उरलेल्या तीन गेममध्ये तिला नेटपाशी आणि परतीच्या फटक्यांत काय येते, ते तिला आणि तुम्हालाही बघता येईल. डॉक्टरांनी नाही म्हटले, तर जोडीदार मुलीला दुसरी साथ शोधायला वेळ मिळावा म्हणून त्याच दिवशी तिला कळवा.